फ्लूची लस, डावा खांदा आणि वॉशिंग्टनचं कोर्ट

२०२१ च्या ऑक्टोबरात घेतलेल्या फ्लूच्या लशीने माझा डावा खांदा धरला आणि लशीने झालेल्या इजेसाठी अमेरिकन सरकारची जी योजना आहे, तिच्यातून त्याची नुकसानभरपाई २०२५ च्या जूनमध्ये हातात पडली. मधल्या काळात जी माहिती लागली ती इंग्रजीत इकडेतिकडे विखुरलेली आहे, आणि त्यातली निम्मी वकिलांच्या जाहिरातींत. ओळखीतल्या काहीजणींनी फोन करून विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. मी न्यू जर्सीत राहते, नोकरी करते. वकील नाही, डॉक्टरही नाही. हे सगळं अमेरिकेत घेतलेल्या लशीबद्दल आहे. आईबाबांनी पुण्यात घेतलेल्या लशीला ही योजना लागू होत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी विचारू नका.

आणि हो, लशींबद्दल माझी तक्रार नाही. या दुखण्यानंतरही दर वर्षी फ्लूची लस घेतेच आहे. फक्त ती कशी टोचली जातेय याकडे आता लक्ष असतं.

९ ऑक्टोबर २०२१, शनिवार. नवरात्र नुकतंच बसलं होतं. सामान आणायला गेले तर फार्मसीत गर्दी नव्हती, म्हटलं घेऊन टाकू. हवेत गारठा होता, अंगात घट्ट बाह्यांचा स्वेटर. बाही कोपराच्या वर सरकेना, म्हणून गळा ओढून खांदा उघडा केला. टोचणारा मुलगा उभा, मी खुर्चीवर. सुई गेली ती खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली जेमतेम एका बोटावर. पुढे ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. लस टोचायची ती त्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली, जिथे दंडाचा डेल्टॉइड स्नायू जाड असतो. त्याच्या वर टोचलं तर सुई स्नायूत न थांबता खालच्या बर्सा नावाच्या पातळ पिशवीत जाऊ शकते. तिथे लस पडली की शरीराची प्रतिकारयंत्रणा तिथेच जागी होते आणि सूज काही केल्या उतरत नाही. गळा ओढून काढलेला खांदा आणि उभ्याने टोचणारा माणूस, दोन्हींमुळे जागा वर सरकते. म्हणून आता लशीच्या दिवशी मी बिनबाह्यांचं काहीतरी घालते आणि टोचणाऱ्याला आधी बसायला सांगते. कधी हसतात, पण बसतात.

लशीचा दंड दोन दिवस दुखतोच. पण हे तसं नव्हतं. त्या रात्री डाव्या कुशीवर वळले आणि कळ खांद्याच्या आतून आली. दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाचा भोंडला होता. मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला, ‘उद्या येते, पण लस घेतल्यापासून डावा हात वर होत नाहीये. फेर धरणार नाही, नुसती गाणी म्हणेन.’ हा मेसेज लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होतं. तोवर ब्लाउजचे मागचे हुक लावता येईनात, केस बांधायला हात डोक्यामागे जाईना, आणि गाडीचा पट्टा डावीकडून ओढायचा तर उजवा हात अंगावरून पलीकडे न्यावा लागे. ‘चाळिशी उलटली, फ्रोझन शोल्डर असेल, होईल बरा’ असं सगळे म्हणत होते. नोव्हेंबरच्या मध्यावर फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि नोंदीत एक ओळ लिहिली, की डाव्या खांद्याचं दुखणं फ्लूची लस घेतल्या दिवशी सुरू झालं. माझ्या सगळ्या फाइलीत याहून मोलाची ओळ नाही.

डिसेंबरात ऑर्थोपेडिककडे गेले तेव्हा मी हीच हकीकत सांगितली होती. तरी त्यांच्या नोंदीत आलं, ‘दुखणं हळूहळू सुरू झालं, काही आठवड्यांपासून’. अशी वाक्यं संगणकातल्या तयार साच्यातून येतात म्हणे. डॉक्टरांच्या नोंदी आता पेशंट पोर्टलवर दिसतात, तेव्हा घरी आल्यावर त्या वाचायची सवय लावून घ्या. चुकीचं काही असेल तर नोंद दुरुस्त करून मागायचा हक्क कायद्याने आपल्याला आहे, लेखी मागायचं. मी मागितलं. त्यांनी मूळ नोंद तशीच ठेवून खाली पुरवणी जोडली, लशीच्या तारखेसह. कुरकुर न करता जोडली, हे सांगायला हवं.

दुसरी गोष्ट त्या दहापैकी किती दुखतं या प्रश्नाची. नर्स विचारते आणि आपण म्हणतो, ‘चार असेल.’ बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या बाईला दहा म्हटलं की त्या कळा आठवतात, मग खांदा आपोआप चारवर येतो. शिवाय ‘ठीक आहे’ म्हणायचं वळण आपल्याला लहानपणापासूनचं. पण नर्स ‘चार’ एवढंच लिहिते, आपलं वळण लिहीत नाही. तीन वर्षांनी भरपाईच्या दाव्यात सरकारच्या बाजूने आलेल्या कागदात मी वाचलं, की अर्जदाराचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं. आता मी कुठेही गेले तरी आकडा सांगताना सोबत कृतीही सांगते. बसल्या बसल्या तीन, हात मागे नेला तर आठ, रात्री दोनदा जाग येते. तेही लिहून घेतात, आपण सांगितलं तर.

जानेवारी २०२२ मध्ये एमआरआय झाला. बर्साला सूज, सांध्याचं आवरण जाड झालेलं. कॉर्टिसोनचं इंजेक्शन झालं आणि आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी सुरू झाली, दर खेपेला ४० डॉलर खिशातून. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, दाराला अडकवलेल्या कप्पीची दोरी ओढायची, काठी दोन्ही हातांत धरून उचलायची. सुरुवातीला हात बाजूने ८० अंशांपर्यंत जायचा, मार्चमध्ये १२० पर्यंत गेला. ‘पुरेशी सुधारणा’ म्हणून विमा कंपनीने मार्चच्या मध्यावर पुढच्या खेपा मंजूर करणं बंद केलं. पदरचे पैसे घालून जायचं तर दर खेपेचा आकडा पाहून छातीत धस्स व्हायचं, म्हणून व्यायाम घरीच करू लागले.

पण त्याआधी तिथल्याच फिजिओथेरपिस्टने एक दिवस सहज विचारलं, ‘तू सरकारकडे अर्ज केलास का?’ फ्लूच्या हंगामानंतर असे खांदे तिच्याकडे येत असत. लस टोचताना खांद्याला होणाऱ्या या इजेला नाव आहे, सिर्वा, आणि त्याच्यासाठी योजना आहे, हे मला पहिल्यांदा तिच्याकडून कळलं.

योजना जुनी आहे. १९८० च्या दशकात घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लशीवरून अमेरिकेत एवढे दावे झाले, की कंपन्या लशीच बनवायच्या सोडू लागल्या. त्यावर १९८६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून नॅशनल व्हॅक्सिन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम सुरू झाला. लशीने इजा झाली तर लस बनवणाऱ्यावर थेट दावा लावायचा नाही, आधी इथे यायचं. पैसे येतात ते एका निधीतून. लशीच्या प्रत्येक डोसवर, त्यातून जितके आजार टळतात त्यांतल्या दर आजारामागे ७५ सेंट कर असतो. फ्लूच्या लशीला पाऊण डॉलर, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीला सव्वादोन. या निधीतून आजवर ५ अब्ज डॉलरहून जास्त भरपाई दिली गेली आहे. तरी वाटल्या गेलेल्या लशींच्या मानाने पाहिलं तर भरपाई मिळालेली माणसं दर दहा लाख डोसांमागे साधारण एक. लशीला घाबरणाऱ्यांना मी हा आकडा आवर्जून सांगते.

खांद्याची इजा या योजनेच्या तक्त्यात, म्हणजे कुठल्या लशीने कुठली इजा होते असं धरायचं त्या यादीत, मार्च २०१७ मध्ये आली. मध्यंतरी ती तक्त्यातून काढायचा नियमही जानेवारी २०२१ मध्ये निघाला होता, तो एप्रिलमध्ये मागे घेतला गेला. माझी लस त्यानंतरची, माझं नशीब. तक्त्यात असण्याचा फायदा असा, की ठरलेल्या अटी पुऱ्या केल्या तर लशीनेच झालं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. दुखणं लशीनंतर ४८ तासांच्या आत सुरू झालेलं हवं. त्या खांद्याचं आधीचं दुखणं नको. दुखणं आणि हालचालीची अडचण लस घेतलेल्या खांद्यापुरतीच हवी. दुसरं कुठलं कारण त्याचा खुलासा करणारं नको. आणि त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा, किंवा इस्पितळात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली हवी. अर्जाची मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षं.

मला सगळ्यात बरं वाटलं ते हे, की यात कुणाची चूक दाखवावी लागत नाही. तो फार्मसीतला मुलगा यात पक्षकारच नसतो. त्याच्या नोकरीवर गदा यावी असं मला कधीच वाटलं नव्हतं. तसं असतं तर बहुधा मी या भानगडीत पडलेच नसते.

इथे एक खबरदारी. कोविडची लस माझ्या वेळी या योजनेत नव्हती. तिच्यासाठी वेगळा कार्यक्रम आहे, त्यात मुदत लस घेतल्यापासून एकच वर्षाची, वकिलाची फी मिळत नाही आणि वेदनेबद्दल पैसे नाहीत. नागिणीची लसही या योजनेत बसत नाही. एका दिवशी दोन लशी घ्यायच्या असतील तर दोन वेगळ्या दंडांत घ्या आणि कुठली कुठे ते तिथल्या तिथे लिहून ठेवा.

२०२२ च्या शरदात वकील शोधायला लागले. कोर्टाच्या संकेतस्थळावर हे काम करणाऱ्या वकिलांची यादी आहे, ती जाहिरातींपेक्षा बरी. वकील आपल्या राज्यातला असायची गरज नाही. माझा दुसऱ्या राज्यातला आहे, आजवर प्रत्यक्ष भेटलो नाही. त्याची फी कोर्ट ठरवतं आणि निधीतून देतं. अर्ज प्रामाणिक आणि सबळ पायावर असेल तर हरल्यावरही मिळू शकते. तुमच्या भरपाईतून हिस्सा घ्यायला वकिलाला कायद्याने मनाई आहे. कुणी टक्केवारीची भाषा काढली तर फोन ठेवून द्या.

मी पहिला प्रश्न खांद्याचा विचारलाच नाही. विचारलं, ‘मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, सरकारविरुद्ध दावा लावला तर?’ वकिलाला हा प्रश्न नवा नसावा. तो म्हणाला, नागरिकत्वाची अट नाही, लस अमेरिकेत घेतलेली असली की झालं, आणि इमिग्रेशनशी याचा संबंध नाही. नवऱ्याने तरी आमच्या इमिग्रेशनच्या वकिलाकडून तेच लेखी आणलं. त्याला तोंडी आश्वासनं चालत नाहीत.

मग कागद. पोर्टलवरचे प्रिंट पुरत नाहीत, प्रत्येक दवाखान्याकडून पूर्ण नोंदी प्रमाणित करून मागवाव्या लागतात, त्याही लशीच्या तीन वर्षं आधीपासूनच्या. आधी खांदा दुखत होता का, हे सरकार पक्षाला पाहायचं असतं. त्या जुन्या नोंदींत माझी रक्तातली साखर सीमेवर असल्याचं निघालं. वकील म्हणाला, यावर बोट ठेवतील. मधुमेह असलेल्यांत फ्रोझन शोल्डर जास्त दिसतो, हे खरंच आहे. तो बोट ठेवतील म्हणाला होता, आणि त्यांनी ठेवलं.

फार्मसीची नोंद आली, त्यात लस उजव्या दंडात दिल्याचं लिहिलेलं. राज्याच्या लसीकरण नोंदणीतही तेच, कारण ती फार्मसीकडूनच जाते. मी थिजले. वकील शांत होता. अशा नोंदी यादीतून एक पर्याय निवडून भरतात, हातातल्या घाईत पहिलाच पर्याय तसाच राहतो, आणि या कोर्टाच्या निकालांत अशी कितीतरी प्रकरणं आहेत, असं त्याचं म्हणणं. इथे भोंडल्याचा मेसेज कामी आला. त्यात ‘डावा हात’ होता, ‘लस घेतल्यापासून’ होतं, आणि त्याच्यावर तारीख-वेळ होती. म्हणजे हाताचा आणि ४८ तासांचा, दोन्ही मुद्दे एका ओळीत. मेसेज मराठी, तोही रोमन लिपीत टंकलेला, म्हणून त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागलं. सोबत मंडळाचं भोंडल्याच्या तारखेचं पत्रक जोडलं.

तरी खरी गोची वेगळीच निघाली. सहा महिने ९ एप्रिल २०२२ ला पुरे होत होते, आणि माझी फिजिओथेरपी मार्चमध्ये थांबली होती. ऑर्थोपेडिककडे मी पुन्हा गेले ती सप्टेंबरात. मधल्या काळात खांदा बरा झाला होता आणि सप्टेंबरात काही नवीनच सुरू झालं, असं म्हणायला सरकार पक्षाला जागा होती. मधल्या काळात मी मे-जूनमध्ये पुण्याला होते आणि माहेराजवळच्या फिजिओथेरपिस्टकडे रोज सकाळी जात होते. एका वेळचे ४०० रुपये, रोख. पावत्यांचं एक छोटं पुस्तक होतं त्यांच्याकडे, मागितली तर फाडून द्यायच्या. मी मागितल्या होत्या त्या मोजक्याच.

फोन केला. ‘अहो ताई, माझी वही? अमेरिकेच्या कोर्टात?’ त्या खळखळून हसल्या. पण वही होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, प्रत्येक दिवसाला एक पान, त्यावर ओळीने नावं, पुढे वेळ, पैसे मिळाल्याची खूण, आणि समासात पेन्सिलने अंश. माझ्या नावापुढे १६ मे रोजी ‘डा. खांदा, ११०’ आणि जूनअखेर ‘१३५’. आई रिक्षाने जाऊन ती पानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आली. बाकीच्या पेशंटांची नावं झाकायला हवीत असं वकिलाने कळवलं, तर ती पुन्हा गेली, आणि झेरॉक्सवाल्याने प्रत्येक ओळीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून नव्याने काढून दिलं. मॅडमनी लेटरहेडवर इंग्रजीत पत्र दिलं. कधीपासून कधीपर्यंत, काय तक्रार, काय उपचार, किती अंश, खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. वकिलाच्या मते पुण्याहून आलेल्या त्या पानांवरच सहा महिन्यांची अट उभी राहिली. सुट्टीत भारतात उपचार घेत असाल तर निघायच्या आधी असं एक पत्र आणि सगळ्या पावत्या घेऊनच निघा. नंतर आईला उन्हात पाठवावं लागतं.

माझं, नवऱ्याचं आणि मैत्रिणीचं प्रतिज्ञेवरचं निवेदन झालं. नोटरी लागली नाही, खोटं असल्यास शिक्षेस पात्र असल्याचं ठरलेलं वाक्य घालून सही केली की चालतं. वकिलाचा सल्ला होता की विशेषणं नकोत, कामं लिहा. त्यामुळे माझ्या निवेदनात ब्लाउजचे हुक आहेत, गाडीचा पट्टा आहे, वरच्या फडताळातला रव्याचा डबा आहे. नवऱ्याने लिहिलं की पाच महिने माझे केस तो बांधत होता, आणि वाईट बांधत होता. ते वाक्य वकिलाने तसंच ठेवलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ज दाखल झाला, यू. एस. कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये, वॉशिंग्टनला. फी ४०२ डॉलर, वकिलाने भरली. कागदावर माझं नाव, खाली ‘विरुद्ध’, खाली अमेरिकेचे आरोग्यमंत्री. देशातली अशी सगळी प्रकरणं त्यांच्याच नावावर चालतात, त्यांचं काम न्याय खात्याचे वकील पाहतात. बाबांना स्क्रीनशॉट पाठवला. ते म्हणाले, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ पायरी चढावी लागलीच नाही. इथे ज्यूरी नसते, ‘स्पेशल मास्टर’ म्हणवणारे न्यायाधिकारी असतात, आणि खांद्याची बहुतेक प्रकरणं त्यांच्या मुख्याकडे एका खास विभागात चालतात, कागदांवर आणि वकिलांच्या फोनवर. मला एकदाही बोलावणं आलं नाही.

मग नुसतं थांबणं. अलीकडे या योजनेत येणाऱ्या अर्जांत खांद्याचेच अर्ज सगळ्यांत जास्त, आणि कायद्याने ठरवलेले स्पेशल मास्टर आठच. सरकारच्या डॉक्टरांनी कागद वाचायलाच वर्षाच्या वर लागलं. दर काही आठवड्यांनी ‘स्थिती अहवाल’ दाखल व्हायचा, त्यात ‘अजून तपासणी सुरू आहे’ एवढंच. मध्येच कोर्टाचं पत्र आलं, की २४० दिवस उलटले, हवं तर अर्ज मागे घेता येईल. मी घाबरून फोन केला. ते सगळ्यांनाच येतं, चालू ठेवायचं म्हणून कळवायचं, बस्स. या काळात मी एक फोल्डर करून दर महिन्याला खांद्याबद्दल दोन ओळी लिहीत गेले आणि खर्चाच्या पावत्यांचे फोटो टाकत गेले. हिशेब झाला तेव्हा विम्याने न दिलेला खर्च २,१०० डॉलरच्या आसपास निघाला, पुण्याचे रुपये धरून.

उत्तर आलं ऑगस्ट २०२४ मध्ये. उजवा दंड, ‘हळूहळू सुरू झालं’, रक्तातली साखर, मार्चनंतरची पोकळी, आणि दहापैकी चार. सगळं त्यात होतं. आपल्या दुखण्यावर तिऱ्हाइताने लिहिलेली पानं वाचणं कठीण असतं, त्यात त्यांचं एकेक म्हणणं तर्काला धरून असलं की जास्तच. पण शेवटी होतं, की तडजोडीची बोलणी करायला सरकार तयार आहे.

वकिलाने दोन वाटा समोर ठेवल्या. हात आणि तारीख यांवर स्पेशल मास्टरांचा निर्णय मागायचा, जिंकलो तर रक्कम वाढते, पण आणखी वर्ष-दीड वर्ष जाऊ शकतं आणि हरलो तर हात हलवत परत. किंवा आत्ता तडजोड. वेदनेबद्दलची कमाल रक्कम कायद्याने अडीच लाख डॉलर आहे, जाहिरातींत तीच झळकते, पण शस्त्रक्रिया न झालेल्या खांद्याला त्याच्या जवळपासही काही मिळत नाही. या योजनेत भरपाई मिळालेल्यांपैकी साधारण ६० टक्के प्रकरणं तडजोडीनेच मिटली आहेत. मी एक रात्र विचार केला आणि तडजोड म्हटलं. माझ्याजागी दुसरी कुणी लढली असती, तेही बरोबरच झालं असतं. आम्ही आकडा सांगितला, त्यांनी निम्म्याच्या खाली सांगितला, असं पत्रापत्री करत जानेवारी २०२५ मध्ये पन्नास हजार डॉलरच्या थोडं वर जमलं. खर्च त्यातच.

समझोत्याच्या मसुद्यात एक परिच्छेद असतो, त्याची आधी कल्पना असलेली बरी. त्यात लिहिलेलं असतं की अर्जदाराला ही इजा झाल्याचं आणि ती लशीमुळे झाल्याचं सरकार नाकारतं, तरीही प्रकरण मिटवण्यासाठी पैसे देण्यास राजी आहे. तो ठरीव मजकूर आहे, तडजोडीच्या प्रत्येक प्रकरणात येतो, वकिलाने आधीच सांगितलं होतं. तरी सही करताना हात अडला. त्या दिवशी सही केलीच नाही, दुसऱ्या दिवशी केली.

एप्रिलमध्ये निर्णय आला. तो कोर्टाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुला होतो, नावासकट. निर्णयानंतर १४ दिवसांत खासगी तपशील झाकायची विनंती करता येते, मी नावाऐवजी आद्याक्षरं ठेवायची विनंती केली आणि ती मान्य झाली. आपोआप होत नाही, मागावं लागतं. दोन्ही बाजूंनी पुनर्विचार मागणार नसल्याचं कळवलं, की अंतिम आदेश लवकर निघतो, त्यानंतर तो आपल्याला मान्य असल्याचं लेखी द्यायचं असतं. पैसे जूनमध्ये आले. वकिलाच्या फीचा अर्ज त्यानंतर वेगळा चालला, त्यात माझं काही काम नव्हतं.

हात आता वर जातो, मागे कमरेपर्यंत जातो, त्याच्या वर नाही. ब्लाउज पुढून हुकाचे शिवून घेते.

ज्यांचं दुखणं अजून ताजं आहे त्यांनी वकिलाच्या आधी दोन कामं उरकावीत. फार्मसीकडून लशीची नोंद मागवून त्यात कुठला दंड आणि कुठली तारीख आहे ते पाहा, आणि डॉक्टरांकडे जाऊन लशीचा दिवस नोंदीत येईल असं बघा. तीन वर्षं लशीच्या तारखेपासून नाही, पहिल्या लक्षणापासून मोजतात, पण खांद्याच्या बाबतीत दोन्हींत फार तर दोन दिवसांचा फरक. कॅलेंडरवर लशीचीच तारीख धरा, आणि शेवटचे सहा महिने कागद गोळा करण्यातच जातात हे धरून त्याच्या बरंच आधी फोन करा.